यजमान नसलेला मोर्चा

मंदी आली की माणसं आधी काय सोडतात? दारू नाही, मटण नाही, बेंजो सोडतात. लग्न-हळदीत वाजवणाऱ्या रेवदंड्याच्या बेंजो पार्टीच्या गणराजचा तरी हाच अनुभव होता. मुंबईतल्या नोकऱ्या गेल्या, काशीदच्या किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या खोल्या ओस पडल्या, आणि लग्नघरं हळदीला मोबाइल लावून नाचू लागली. मोबाइलपुढे! गणराजला त्या नाचणाऱ्यांचीच लाज वाटे.

तेवढ्यात सरकारनं कलावंतांना मदत जाहीर केली. गणराज हरखून तालुक्याच्या कचेरीत गेला. तिथल्या प्रज्ञा मॅडमनी अर्ज वाचला नि परत सरकवला.

"या वर्षी कार्यक्रम केल्याचं यजमानाचं पत्र लागेल."

"मॅडम, या वर्षी बोलावतंय कोन? म्हनून तं मदत पायजे."

"नियम आहे."

म्हणजे बुडणाऱ्यानं आधी पोहून दाखवायचं! इकडे ताशेवाला नामा सोमवारपासून उरणला गोदामावर राखणदार म्हणून लागणार होता. त्याच्यासारखा ताशा चौलपासून मुरूडपर्यंत कुणाचा नव्हता. नामा गेला की पार्टी संपली, हे गणराजला ठाऊक होतं आणि त्या विचारानं त्याला जेवण जात नव्हतं.

शुक्रवारी पार्टीतल्या आठ जणांनी कचेरीवर मोर्चा काढला. फलक रंगवले, घोषणा पाठ केल्या. पण आवारात पोचल्यावर एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. लोकांसमोर ओरडायची सवय कुणाला होती? शेवटी नामाच्या काठ्या आपसूक ताशावर पडल्या, गणराजची बोटं बेंजोवर धावली आणि हळदीचा ठेका सुरू झाला. दाखल्यांच्या रांगेतल्या बायका पदर खोचून उतरल्या. हवालदार टोपी सांभाळत नाचू लागला. 'काय गडबड आहे' म्हणून बाहेर आलेले कारकून परत आत गेलेच नाहीत.

दोन तास झाले. प्रज्ञा मॅडम तावातावानं बाहेर आल्या.

"बंद करा!"

"न्हाय करता येत," बेंजोवरून हात न काढता गणराज ओरडला. "यजमानानं हातात नारळ दिल्याबिगर आमी थांबत न्हाय. बापाच्या वक्तापासून रीत हाय."

"मग यजमान कुठाय?"

"त्योच तं न्हाय!"

हा डाव नव्हता, देवाशपथ. मोर्चाला यजमान नसतो, हे त्या आठ शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. बोटं सुजली होती, घामानं शर्ट चिकटले होते, पण रीत मोडायची छाती कुणाला होईना.

अखेर मॅडमनी समोरच्या दुकानातून नारळ आणवला आणि गणराजच्या हातात आदळला. ठेका थांबला, रांग हिरमुसली. गणराजनं नारळ कपाळाला लावला, वाकून नमस्कार केला आणि मग त्याची ट्यूब पेटली.

"मॅडम, आता यजमान तुमीच! पत्र लिवा."

रांगेतून आवाज आला, "व्हय, व्हय, लिवा!" नाइलाजानं त्यांनी कागद घेतला. नाव लिहिलं, तारीख लिहिली. प्रसंगापाशी पेन अडलं.

"मोर्चा लिहू?"

"नको," नामा म्हणाला. "हळद लिवा. मोर्चात नाचल्या म्हनून उद्या तुमालाच इचारतील."

"मी कुठे नाचले?"

"खिडकीत!" अख्खी रांग एका सुरात म्हणाली.

मॅडमनी मुकाट्यानं 'हळद' लिहून सही ठोकली. गणराजला भर आवारात रडू फुटलं. नामानं बाजूला जाऊन उरणला फोन लावला.

"शेठ, सोमवारी दुसरा मानूस बगा. हिकडं सरकारच्या घरची हळद लागलीय."