धाकटी बहीण असती तर

आकडेवाल्यांचं एक बरं असतं. हजार माणसांचं दुखणं एका आलेखात बसवलं की डोळ्याला पाणी येत नाही. पुण्यात श्रावस्तीचं काम तेच. दुसऱ्याची किडनी बसवलेल्यांच्या रक्तातली शेकडो प्रथिनं संगणकाला द्यायची, कुणाची किडनी टिकली आणि कुणाची गेली तेही द्यायचं. त्यातून त्यानं शिकायचं आणि पुढच्याचं भाकीत करायचं. नावं झाकलेली असत. पण मागच्या आठवड्यात एक ओळ तिनं ओळखलीच. धाराशिव जिल्हा, तिशीतला पुरुष, किडनी आईची, ऑपरेशन भीमजयंतीच्या आदल्या दिवशी. तिचा भाऊ अमरदीप! अक्काच्या अभ्यासाला म्हणून त्यानं हौसेनं रक्त दिलं होतं. संगणकाच्या मते ही किडनी दोन-तीन वर्षांत जाण्याचीच शक्यता जास्त.

अमरदीपचे नेहमीचे रिपोर्ट अजून चांगले होते. घरी सांगू का, असं तिनं प्रयोगशाळेतल्या सरांना विचारलं.

"हे अजून दुसऱ्या रुग्णांवर पडताळायचंय, बाहेर बोलायचं नाही," सर म्हणाले. "आणि सांगून करणार काय? थांबवायला औषध कुठंय?"

ते खरं होतं, म्हणूनच तिला त्यांचा भयंकर राग आला.

आणि आज येरमाळ्याच्या घरी अमरदीपच्या लग्नाची बैठक. तेरखेड्याहून मुलीचे वडील आबाराव आलेले. किडनीची गोष्ट तिच्या आईनं, भिमाबाईंनी, आधीच सांगून टाकली होती. "लपवायचं काय? एक लेक पुण्याला धाडली, किडनी ही दुसरी लेक, ती ह्याच्या पोटात दिली," असं म्हणून त्या हसल्यासुद्धा.

आबाराव हसले नाहीत. ते श्रावस्तीकडं वळले. "ताई, तुमी ह्याच कामातल्या. आमची प्रतीक्षा तुमची धाकटी बहीण असती, तर ह्या घरात दिली असती का?"

इकडं आड, तिकडं विहीर. खरं बोलावं तर न पडताळलेल्या आकड्यापायी भावाचं लग्न मोडतं, खोटं बोलावं तर परक्याची पोर फसते.

"मामा, एकेका माणसाचं नक्की सांगता येत नाही कुणाला."

"नक्कीचं कुटं इचारतोय? दिली असती का, येवढंच बोला."

पाण्याचा तांब्या घेऊन अमरदीप दारात थबकला होता. तो नुसता तिच्या तोंडाकडं बघत होता.

"दिली असती," श्रावस्ती म्हणाली.

"बास! आता डाक्टरचा कागद बी नको," आबाराव म्हणाले आणि पहिला पेढा त्यांनी तिच्याच तोंडात घातला.

पाहुणे गेल्यावर अमरदीप तिच्याजवळ येऊन टेकला.

"अक्का, खरं सांगू? मला वाटायचं, तुला कायतरी दिसलंय, म्हणून तू किडनीचं बोलतच न्हाईस. इचारायचा धीर झाला न्हाय. लई हलकं वाटतंय बघ आता." इतका मोकळा हसताना तिनं त्याला ऑपरेशननंतर पाहिलंच नव्हतं. "प्रतीक्षाला फोन करून सांगू? अक्का म्हणती, टिकंल म्हणून?"

टिकेल असं ती म्हणालीच नव्हती. पण तिला शब्द सापडेपर्यंत त्यानं नंबर लावलासुद्धा.