टेंभुर्णीहून मी कधी रिकामा आलो नाही

मी केकचा डबा बोलतोय. हसू नका. गोठ्याच्या कोनाड्यात, सरकीच्या पेंडीने माखलेला, एका बाजूने चेपलेला पत्रा बघून मला कोणी केकचा डबा म्हणणार नाही, हे मलाही कळतं. पण अकरा वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. टेंभुर्णीच्या या घरात ते एका गाईला ठाऊक आहे आणि दोन माणसांना. माणसं बोलायची नाहीत, म्हणून मलाच तोंड उघडावं लागतंय.

माझा जन्म जालन्याच्या बाजारातला. इंग्रजी सन सदतीस, आणि आमच्या निजामाच्या मुलखात फसली तेराशे सत्तेचाळीस. त्याआधी मी घासलेटचा चौकोनी डबा होतो, अंगावर मोराचं चित्र असलेला. नजीर नावाचा पत्रेवाला त्या डब्यांची नरसाळी, चिमण्या आणि धान्याची मापं करायचा. त्याच्याकडे एक दिवस झुंबरबाई आली आणि हातानेच लांबी-रुंदी दाखवत म्हणाली, "असा लांबट करून द्या. अन् डाक लावू नका, विस्तवावर जायचाय."

नजीर तयारीचा कारागीर. त्याने मला कातरलं, कोपरे दुमडून ठोकले, शिशाच्या डाकेचा ठिपकाही लावला नाही. मोर मधोमध कापला गेला आणि माझ्या वाट्याला त्याची मान अन् अर्धा पिसारा आला. झाकण मात्र जरा सैल बसलं. मला हलवलं की ते खडखड वाजायचं. नजीर म्हणाला, "दुसरं करून देतो." झुंबरबाई म्हणाली, "राहू द्या, वाजलं तर काय बिघडतं?" त्या झाकणाने पुढे काय बिघडवलं, ते सांगतोच.

झुंबरबाई मूळची टेंभुर्णीची, भुजंगाची धाकटी बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा वारला, आणि सासरच्यांनी तापाने फणफणलेल्या त्या बाईला जालन्याच्या एका मिशन दवाखान्याच्या दारात आणून सोडलं. ती बरी झाली, तिथेच बंगल्यावर स्वयंपाकाला राहिली आणि पुढे तिने बाप्तिस्मा घेतला. भुजंगाला हे कळलं तेव्हा त्याने भर दुपारी विहिरीवर जाऊन बहिणीच्या नावाने अंघोळ केली. जिवंत बहिणीच्या नावाने. तो माळकरी होता, गावात त्याला मान होता, आणि मान सांभाळायचा तर असं काहीबाही करावं लागत असणार.

झुंबरबाईची भाऊबीज तेव्हापासून गेली. भाऊ नसलेल्या बाया त्या दिवशी चंद्राला ओवाळतात. तिला भाऊ होता, म्हणून तिने चंद्राला ओवाळलं नाही. भावाने एकदा आपल्या हातचं खावं, एवढंच तिला आयुष्याकडून हवं होतं. दिवाळीला ते जमेना म्हणून तिने नाताळ धरला. बंगल्यातल्या मडमेकडून ती केक शिकली होती. तोच ती भावाला धाडणार होती, आणि त्यासाठी मी जन्माला आलो.

तिच्या एका खोलीच्या घरात भट्टी कुठली असणार? मोठ्या पातेल्यात ती वाळू तापवायची, वाळूवर मला ठेवायची, वर परात आणि परातीत निखारे. त्याआधी आठ दिवस मनुका आणि चिरलेली खारीक गुळाच्या पाण्यात मुरायची. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ ती स्वतः खलबत्त्यात कुटायची. थोडी साखर लोखंडी पळीत काळी होईपर्यंत जाळून ते पाणी पिठात ओतायची, की केकला रंग यायचा. आत विणकामाची सुई खुपसून बघायची. सुई कोरडी निघाली की झालं. तो वास सगळ्या वस्तीत पसरायचा, आणि खरं सांगू, मला माझाच अभिमान वाटायचा.

नजीर महिन्यातून दोनदा टेंभुर्णीच्या बाजाराला जायचा. पहिल्या वर्षी त्यानेच मला नेलं आणि भुजंगाच्या ओट्यावर ठेवून तो आपल्या पालावर गेला. भुजंगाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बायकोला म्हणाला, "गोठ्यात ने ते."

त्याची बायको द्वारकाबाई. तिने हाताला पदर गुंडाळून मला उचललं. गोठ्यात सहा महिन्यांची कालवड होती, कपाळावर पांढरा टिळा म्हणून तिचं नाव चांदी. द्वारकाबाईने झाकण काढलं आणि केक कालवडीपुढे उपडा केला. आठ दिवस मुरलेल्या मनुका, कुटलेलं जायफळ, सगळं त्या कालवडीने चार घासांत संपवलं आणि मला आतून चाटून काढलं.

द्वारकाबाईने मला राखेने तीनदा घासलं. तिच्या आईने तिला शिकवलं होतं की कुणाचं भांडं रिकामं परत करू नये. तिने परसातली बोरं माझ्यात भरली, झाकण लावलं आणि संध्याकाळी नजीर आला तेव्हा गोठ्याच्या दारातच मला त्याच्या हवाली केलं. ती वाईट बाई नव्हती. सगळा घोळ त्यामुळेच झाला.

झुंबरबाईने बोरं बघितली आणि लगेच ओच्यात ओतून घेतली. "वहिनीनं धाडली?" तिने विचारलं.

"हौ," नजीर म्हणाला. "केकमध्ये अंडं हाय का, पूछ रहे थे."

द्वारकाबाईने ते खरंच विचारलं होतं, पण केक गाईच्या पोटात गेल्यावर. गाईला बाधायला नको म्हणून. नजीरने गोठा बघितला होता, तरी तेवढं त्याने सांगितलं नाही. तो माझा बाप, म्हणून मी त्याला खोटारडा म्हणत नाही. पण झुंबरबाईने पुढे विचारलं, "दादानं खाल्ला का?" तेव्हा त्याने आपल्या चपलांकडे बघत सांगितलं, "पसंद आला म्हणे."

झालं. ती बोरं तिने वस्तीभर वाटली, माझ्या माहेरची म्हणून. शेजारच्या पुष्पाबाई नर्सला तर दोनदा दिली.

पुढच्या वर्षीपासून भावाच्या केकमध्ये अंडं बंद झालं. अंड्यावाचून केक फुगेना. कार्तिकभर ती दही आणि सोड्याचं प्रमाण बदलत राहिली, मधोमध बसलेले कच्चे केक स्वतः गिळत राहिली. शेवटी जमला. बंगल्यातली चरबी भावाला चालायची नाही, म्हणून ती साजूक तूप आणायची. भावाचा केक ती बंगल्याच्या केकांआधी करायची. पहाटे अंघोळ करून, चूल सारवून, ओलेत्याने. पुष्पाबाई दारातून हसायची. "झुंबरे, ख्रिस्ती झालीस अन् अजून सोवळं करून राह्यलीस?"

"माझ्यासाठी न्हाई गं," झुंबरबाई म्हणायची. "तो माळकरी हाय."

मी दरवर्षी जात राहिलो. कधी हुरडा घेऊन आलो, कधी भुईमुगाच्या शेंगा, कधी तुरीच्या. लढाईच्या वर्षांत साखर मिळेनाशी झाली, तेव्हा झुंबरबाईने चार महिने बिनसाखरेचा चहा पिऊन माझ्यापुरती साखर साठवली. चांदीने तीही खाल्ली. चांदीची आता गाय झाली होती. माझं झाकण खडखडलं की ती बसलेली उठायची आणि हंबरायची. द्वारकाबाई म्हणायची, "थांब गं, देते."

मला वाचा असती तर मी दुसऱ्याच वर्षी सांगून टाकलं असतं. की नसतं सांगितलं? शेंगा सोलताना झुंबरबाईचा चेहरा बघितला की मला माझीच खात्री वाटेना. पत्र्यालाही भित्रेपणा असतो.

एकदाच मला आशा वाटली. चव्वेचाळीस सालची गोष्ट. द्वारकाबाई पाणी आणायला गेली होती आणि मी भरलेला गोठ्यात होतो. भुजंग आत आला, झाकण उघडलं आणि वास घेतला. दोन बोटांनी केकचा कोपरा मोडला. तो तुकडा तोंडापर्यंत नेला, मग बाहेर कुणाची तरी चाहूल लागली. त्याने तुकडा चांदीपुढे टाकला आणि बोटं धोतराला पुसली. बाहेर कोणी नव्हतं, शेजारची कोंबडी होती.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. भादव्यात हिंदुस्थानच्या फौजा आल्या आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. त्यानंतर नजीर घरातच बसला. दुकानाची फळी त्याने उघडली नाही, बाजाराचं नाव काढलं नाही. नाताळच्या तोंडावर झुंबरबाई त्याच्या दारात गेली, तेव्हा त्याने कडी न काढता आतूनच विचारलं, "कौन?" ओळख पटल्यावर दार उघडलं. तीन महिन्यांत तो म्हातारा झाला होता.

"बाई, मेरेकू टेंभुर्णीला जायला मत बोलो," तो म्हणाला. "गावं तीच हायत, पण लोकं बघतात कसे, ते तुमाला न्हाई ठाऊक."

"मंग मीच जाते. राज बदललं, दादा बी बदलला असंल. आता त्याच्या म्होरं बसून खाऊ घालीन."

नजीरचा चेहरा पडला. "नक्को जाऊ बाई. उधर क्या रखा है?"

ती म्हणाली, "माझं माहेर हाय." रस्त्याची भीती म्हणून तो अडवतोय असं तिला वाटलं. नजीरने दाराची चौकट घट्ट धरली होती. अकरा वर्षांचं एक वाक्य त्याच्या तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं. त्याचे स्वतःचेच दिवस असे होते की त्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही.

तो केक तिने केलेल्या सगळ्या केकांत चांगला झाला होता. कापूस टाकून परतणाऱ्या एका गाडीत ती बसली आणि सबंध वाट तिने मला मांडीवर धरलं. गाडीवानाला सांगत होती, "भावाकडं चालले. त्याला माझ्या हातचा केक लई आवडतो." भुजंगाच्या अंगणात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. द्वारकाबाई तूर पाखडत होती, भुजंग ओट्यावर दोरी वळत होता. नणंदेला बघून द्वारकाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"वन्सं," ती म्हणाली. "बसा." मग आत जाऊन तांब्या आणला आणि झुंबरबाईच्या ओंजळीत वरूनच पाणी ओतलं. झुंबरबाई ते पाणी प्याली. त्यानेही तिला बरं वाटलं. भुजंग खाली बघून दोरी वळत राहिला, पण ऊठ म्हणाला नाही.

"दादा, म्या तुझा केक आणलाय," असं म्हणत तिने मला पिशवीतून काढलं आणि माझं झाकण खडखडलं.

गोठ्यातून चांदी हंबरली. दाव्याला हिसका बसला, खुंटा उपटला, आणि ती अकरा वर्षांची गाय दावं फरफटत अंगण ओलांडून थेट झुंबरबाईपाशी आली. तिने माझ्यावर नाक घासलं. द्वारकाबाईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थांब गं, देते."

द्वारकाबाईने पदर तोंडाशी नेला. झुंबरबाईने गाईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग उघड्या गोठ्याकडे.

"कवापासून?" तिने विचारलं.

"पयल्यापासून," द्वारकाबाई म्हणाली.

झुंबरबाई भावाकडे वळली. "दादा, यात अंडं न्हाई. दुसऱ्या वर्सापासून न्हाई. तूप बी साजूक हाय. म्या ओलेत्यानं करते."

"ठावं हाय मला," भुजंग दोरीकडे बघत म्हणाला. "नजीरनं सांगितल्तं."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही. तिने झाकण काढलं, केकचा एकेक तुकडा मोडला आणि तळहातावर धरून चांदीला भरवला. घाई केली नाही. मनुका खाली पडल्या तर त्याही वेचून दिल्या. "हिनं तरी आवडीनं खाल्ला," ती म्हणाली. शेवटचा तुकडा संपल्यावर गाईने तिचा तळहात चाटला, आणि तिने तो चाटू दिला.

मग ती उठली आणि मला ओट्याच्या पायरीवर ठेवलं. द्वारकाबाई घाईघाईने आत गेली आणि ओंजळभर बोरं घेऊन आली. दोन बोरं वाटेतच सांडली.

"नको वहिनी," झुंबरबाई म्हणाली. "रिकामं भांडं परत द्यायचं न्हाई म्हणून भरत आल्ता ना? मंग डबाच परत देऊ नका."

ती गेली. भुजंगाने तिला हाक मारली नाही. दोरी मात्र त्याने त्या दिवशी इतकी पिळली की ती वापरायच्या कामाची राहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोठ्यात आला, मला उचललं आणि आतल्या कोपऱ्यातून बोट फिरवून ते जिभेला लावलं. त्याला काय लागलं कोण जाणे. चांदीने काही ठेवलं नव्हतं.

आता मी पेंड घालायच्या कामाला आहे. चांदीचा पाय पडून एक बाजू चेपली, मोराची मान गंजली. वाऱ्याने झाकण वाजलं की ती अजून उठून उभी राहते, आणि द्वारकाबाई आता तिला थांब म्हणत नाही. ती सरळ घरात निघून जाते.

माझं फार मागणं नाही. मला घासून-पुसून जालन्याला धाडा, असंही मी म्हणत नाही. तिथे मला बघून कुणाला आनंद व्हायचा नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, कुणाच्या हातचं खायचं नसेल तर त्याचं भांडं तसंच, भरलेलं परत करा. तोंडावर नाही म्हणा. त्या दिवशी ती रडेल, चार दिवस जेवणार नाही, पण पुढच्या पहाटे ओलेत्याने चुलीपुढे बसायची नाही. त्यात बोरं तेवढी भरू नका.