बर्फातून आलेल्या कोटाची कैफियत

मी हवाई दलाचा ओव्हरकोट बोलतोय, आणि माझ्या दहाही बटणांची शपथ घेऊन सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे, आता सातच बटणं उरलीत; तेव्हा शपथही तेवढीच धरा.

राजाच्या शिंप्यानं मला शिवलं, असं मी या सभागृहातल्या पडद्यांना सांगतो. पडदे बिचारे सुती, त्यांना पटतं. खरं तर जन्म इंग्लंडातल्या कारखान्यातला. पहिला धनी ऑल्ड्रिक बेलफॉन, वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरच्या गुयाव गावचा, वीस वर्षांचा. दुसऱ्या महायुद्धात विमान चालवायला निघाला आणि हातात आलं फावडं. दुसऱ्यांना उडता यावं म्हणून धावपट्टीवरचा बर्फ उपसायचा. सोबतीला गाववाला थिओफिलस. दोघं बर्फाला अशा शिव्या घालत, की त्यानं लाजून वितळायला हवं होतं. नाही वितळला. ऑल्ड्रिकच न्यूमोनियानं गेला, आणि थिओफिलस मला अंगावर घालून घरी परतला.

आता उकाड्याच्या बेटावर लोकरीचा कोट घालून बोटीतून उतरलेल्या माणसाला गाव काय विचारणार? "किती विमानं पाडलीस रे?" त्यानं दोन बोटं दाखवली. पुढच्या नाताळात तीन झाली. पन्नास वर्षांत एवढी वाढली, की शत्रूकडं तरी तेवढी होती का, मला शंका आहे. मी आपला पेटीत. मला कसर खात होती, त्याला थाप.

मग आली व्हेरोना. कपडे शिवते आणि चर्चच्या सभागृहात गावकऱ्यांची नाटकं बसवते. युद्धावर गेलेल्या आपल्या म्हाताऱ्यांवर शाळेच्या पुस्तकात एक ओळ नाही, तेव्हा आपणच त्यांना मंचावर आणू, असं तिनं ठरवलं. विचार सोन्यासारखा, पण तिनं बिअरच्या बाटल्यांची झाकणं ठोकून सात पदकं केली आणि माझ्या छातीवर टाचली! मला घाम फुटला.

"काका, शेवटी तुम्ही विमान पाडता आणि पडदा पडतो," ती म्हणाली.

"यात ऑल्ड्रिक कुठं येतो?" थिओफिलसनं विचारलं.

"कोण ऑल्ड्रिक?"

तालीम संपली तरी थिओफिलस मला घालून बसून राहिला. विमानं ठेवली तर ऑल्ड्रिकला जागा नाही. ऑल्ड्रिकला आणावं तर विमानं जातात, आणि त्यांच्याबरोबर पन्नास वर्षांची अब्रू.

प्रयोग रविवारी, प्रार्थनेनंतर. सभागृह खच्चून भरलेलं. अर्धे लोक आवारात शिजणाऱ्या नीरफणसाच्या वासानं आलेले. आमच्याकडं गोष्ट सांगणारा आधी "क्रिक!" अशी हाळी देतो, ऐकणारे "क्रॅक!" म्हणतात. मग त्यानं माशाला पंख लावले तरी कुणी हरकत घेत नाही.

थिओफिलस मंचावर येऊन मधोमध उभा राहिला.

"काका, क्रिक म्हणायचं राहिलं!" मागून कथबर्ट नावाचा कोळी ओरडला. "का विमानं मोजताय अजून?"

हशा पिकला.

"ते थापेआधी म्हणतात," थिओफिलस म्हणाला. "आज नाही म्हणणार."

आणि त्यानं माझ्या छातीवरचं एकेक झाकण उपटायला घेतलं.

"अगं बाई, माझी पदकं!" विंगेतून व्हेरोना.

"मी एकही विमान पाडलं नाही. मी बर्फ उपसला. हा कोटही माझा नाही, ऑल्ड्रिकचा आहे. मी बोटं काखेत घालून रडायचो, तेव्हा माझ्या वाटणीचा बर्फ तोच उपसायचा. तो तिथंच राहिला."

सगळं सभागृह उठून उभं राहिलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, पाद्रीबाबांनी डोळे पुसले.

हल्ली मी सभागृहातल्या खिळ्यावर असतो. प्रत्येक प्रयोगात कुणी ना कुणी मला घालतं. विनंती एवढीच: उन्हात टाका, झटका, पण पदकं लावू नका.

आणि हो, एक कबुली. तो टाळ्यांचा कडकडाट मी रचला. कुणी उठलं नाही, कुणी हातही हलवला नाही. मग कथबर्टनं हळूच विचारलं, "काका, बर्फ जड असतो का हो?"

थिओफिलस सांगू लागला. मग एकेकाचे प्रश्न सुरू झाले, आणि दुसऱ्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "बेलफॉनांचा ऑल्ड्रिक ना? आमच्या कुंपणापलीकडं राहायचा. शीळ काय सुरेख घालायचा मेला!"

हे मला ठाऊकच नव्हतं. तिकडं थंडीनं त्याचे ओठ कायम फुटलेले असायचे.