थावराचा अंगठा

कळमनुरीच्या आठवडी बाजारात शांतवनला आता कुणी शिव्यासुद्धा देत नसे. पूर्वी बरं होतं. येशूचं पत्रक हातात ठेवलं की कुणी हुज्जत घालायचं, कुणी अंगावर धावून यायचं, एकदा तर सायकलची हवाच सोडली होती. निदान माणसांना देवाचं काही पडलेलं तरी दिसायचं. आता पोरंपोरी पत्रक घेत, मोबाइलमधून मान वर न करता "थँक्यू अंकल" म्हणत आणि चार पावलांवर टाकून देत. मागून शांतवनच ती गोळा करत जाई. एकोणतीस वर्षं सुवार्ता सांगत हिंडून त्याच्या वाट्याला हे झाडूकाम आलं होतं.

त्यात मिशनच्या साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, या महिन्यात बाप्तिस्म्याला एक तरी माणूस दाखवा, नाहीतर कळमनुरीचं काम बंद. म्हणजे मिशनची खोली सोडून जालन्याला भावाच्या दारात जाऊन पडायचं. शांतवन पार थकला होता, पण असं जायला त्याचं मन धजत नव्हतं.

बाजारातून तो पायीच तांड्यावर गेला, थावराकडे. थावराचा मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिवसभर दारातल्या बाजेवर बसून असे. अख्ख्या तालुक्यात शांतवनचं ऐकणारा तो एकटाच. कित्येक वर्षं दर बाजारच्या दिवशी शांतवन शुभवर्तमानातलं पुढचं पान वाचून दाखवी आणि थावरा मधूनमधून विचारी, "मंग?"

आज पुस्तक मांडीवर तसंच राहिलं.

"काहून गप बसले, पाद्रीबाबा? तब्येत बराबर न्हाई का?"

शांतवन पाद्री नव्हता, पण ते समजावणं त्यानं केव्हाच सोडलं होतं. साहेबांचं म्हणणं सांगायचं नव्हतं, तरी तोंडून गेलंच.

थावरानं जरासुद्धा विचार केला नाही. सरकारी कागदांची सवय, त्यानं डावा हात पुढे केला. "एवढंच व्हय? लावा माझा अंगठा."

पिशवीत बाप्तिस्म्याचा अर्ज होता, शाईचं पॅडही होतं. शांतवननं अंगठा शाईवर दाबला. कागद बोटभर अंतरावर राहिला, तेव्हा त्यानं विचारलं, कारण विचारणं भागच होतं.

"थावराभाऊ, येशूवर विश्वास हाय ना तुमचा?"

"ते मला काय समजतं? तुमच्यावर हाय. तुमी न्हाई आले तं दिसभर मी कोणासंग बोलू?"

शांतवनला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला. देवाकडे न्यायला निघालेला माणूस वाटेत आपल्यापाशीच थांबला, आणि आपल्याला ते इतकी वर्षं आवडत राहिलं. त्यानं रुमाल काढला आणि थावराचा अंगठा पुसायला लागला. शाई निघता निघेना.

"काहून पुसून राहिले?" थावरा म्हणाला. "आता कामावरून काढतेल ना तुमाला?"

"काढतेल," शांतवन म्हणाला आणि पुसत राहिला.