इफ्तारीआधीची फुंकर

अनीसाचे मोठे अब्बा, म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ, पोटाच्या कॅन्सरनं गेले, तेव्हा अकोल्याच्या डॉक्टर प्रणालींनी बजावलं होतं, "पोटातला एक जंतू घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो, वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो आणि दुखत काहीच नाही, पण त्यातूनच असा कॅन्सर होऊ शकतो. घरातल्या सगळ्यांना तपासून घ्या." अनीसा हिवरखेडची आशा कार्यकर्ती. तेव्हापासून ती आपल्या अब्बांच्या मागे हात धुऊन लागली होती.

पण अब्बा, गयासुद्दीन गादीवाले, बधतील तर शपथ! "मले काय धाड भरली? अजून बकऱ्याचे पाय पचोतो मी!" त्यात पिशवीत फुंकायच्या या तपासणीला सहा तास पोट रिकामं हवं. दोनदा तिनं त्यांना शिबिरात ओढत नेलं, दोनदा ते घरून चहा मारूनच निघालेले. "चहा का खानं असते?" वऱ्हाडात चहा मोजतो कोण! निम्मं गाव असंच चहा पिऊन आलं आणि तपासणीविना परत गेलं.

रमजानच्या तिसऱ्या रोज्याला अनीसाच्या डोक्यात एकदम उजेड पडला. अख्खा मोहल्ला दिवसभर उपाशी. चहाचं कोणी नाव काढणार नाही! तिनं प्रणालीताईंना फोन केला, मौलानांना विचारलं, आणि मोहल्ल्यातच इफ्तारीच्या वेळी शिबिर ठरलं. अजानीआधी पिशवीत एक फुंकर, अजान होताच खजुराऐवजी औषधाचं पाणी, अर्ध्या तासानं दुसरी फुंकर; पोटात जंतू असला तर तिच्यात कळतो. मग खुशाल जेवा.

काय तो अर्धा तास! भजी निवत होती, टरबूज कापून ठेवलेलं, आणि चाळीस रोजेदार पिशव्या धरून घड्याळाकडे बघत होते. अब्बा आधीच अडून बसले होते, "घरातले सगळे म्हनजे तू बी. तू फुंक, मंग मी." अनीसाचाही रोजा होताच. तिनं हसत हसत फुंकलं.

मशीन निकाल देऊ लागलं तसा तिचा जीव टांगणीला लागला. "गयासुद्दीन, काही नाही." अनीसानं उडीच मारली! मग प्रणालीताई थांबल्या. "अनीसा, तुझ्या पोटात आहे."

अब्बांच्या हातातलं भजं हातातच राहिलं. त्यांना भाऊ आठवला.

"सापडला!" अनीसा टाळी वाजवून ओरडली. "अब्बा, वेळेवर सापडला! चौदा दिवसांच्या गोळ्या, बस!" हसता हसता तिला रडू फुटलं, तेही आनंदाचंच.

अब्बांनी गोळ्या स्वतःच्या खिशात टाकल्या. "सकायची सहरीले, संध्याकायची इफ्तारीले. मीच देईन." मग बाहेर येऊन ते रस्त्याकडे तोंड करून गरजले, "उद्या कोनी भजं तोंडात टाकाच्या आधी इथं या! माह्या पोरीले कायबी दुखत नव्हतं!"