घोडपदेवचा कर्णा आणि गुणवंतीची अर्धशिशी

मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. मित्रांनो, लाउडस्पीकर नव्हे हं! मला वीज लागत नाही. लागतं ते फक्त दमदार तोंड. लालबागच्या बाबुरावांनी तेलाच्या रिकाम्या डब्यातून मला कापलं, गोल वळवलं, सांध्याला डाख मारला, आणि मी जन्मलो तो थेट संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतच!

घोडपदेवच्या चाळीतल्या गुणवंतीने मला हाती धरलं. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या यंत्रावर होती. यंत्रांच्या खडखडाटात बोलून तिचा आवाज असा तयार झाला होता की तिने घोषणा दिली की चार गल्ल्यांतून 'झालाच पाहिजे' उठायचं. माझ्यासारखा नशीबवान डबा दुसरा नसेल!

पण दर महिन्याला दोन-तीन दिवस ती मला खुंटीवरून काढायचीच नाही. डोक्याची एक बाजू ठणकायची, उजेड सोसायचा नाही, उलट्या व्हायच्या. त्याच दिवसांत पोटात असा पिळा पडायचा की ती गुडघे छातीशी घेऊन पडायची. डोक्यासाठी वैद्यांनी सुंठीचा लेप दिला. पोटाचं दुखणं मूल झाल्यावर थांबेल, असं सुईण म्हणाली. सहा वर्षांत मूल काही झालं नाही. सासूबाई, म्हणजे रखमाबाई, याला नखरे म्हणायच्या. चाळीच्या समितीचे कोंडीराम तर म्हणू लागले की तीन मोर्चे चुकवले, बाई लाठीला भिते, कर्णा शेजारच्या शेवंताला द्या. मला असा राग आला! पण कर्ण्याला स्वतःचं तोंड कुठे असतं?

गुणवंती जिद्दीला पेटली. पुढच्या मोर्चाला डोकं फुटत असतानाच निघाली. माझ्या पत्र्यावरचं ऊन तिच्या डोळ्यांत गेलं, आणि परळच्या नाक्यावर घोषणा अर्धी टाकून ती कोसळली. बायकांनी तिला इस्पितळात नेलं. मी तिच्या मुठीतच होतो. रखमाबाई मागून धावत आल्या.

डॉक्टर मृणालिनीबाईंनी आजवर कुणी न विचारलेलं विचारलं: डोकं कोणत्या दिवसांत दुखतं, आणि पोट कोणत्या? उत्तर एकच होतं, पाळीच्या. सगळं तपासून त्यांनी रखमाबाईंना समोर बसवलं. "गर्भाशयाच्या आत असतं तसं अस्तर हिच्या पोटात बाहेरही वाढलंय. पाळीत तेही सुजतं, म्हणून कळा येतात. असं दुखणं असलेल्या बऱ्याच जणींना अर्धशिशीही असते. दोन्ही दुखणी खरी आहेत, रखमाबाई." त्यांनी औषधं दिली. कायमचं बरं होईल असं वचन मात्र दिलं नाही.

रविवारी समिती बसली. मी आता शेवंताकडे जाणार, तोच रखमाबाईंनी मला उचललं. पुरुषांसमोर कधी चकार शब्द न काढणारी बाई ती!

"माझी सून भ्याली न्हाई," त्या माझ्यातून म्हणाल्या. "तिला अर्धशिशी हाय, आन् पाळीत पोटाचं दुखणं बी. म्याच नखरे म्हनत व्हते. चुकलं माझं."

कोंडीराम स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. आणि शेवंताच उठली की हो! तिने मला घेऊन सांगितलं की पाळीत डोकं तिचंही असंच धरतं. मग तिसरी उठली, मग पलीकडच्या खोलीतल्या जाईबाई. मी हातोहात फिरलो! आजवर एवढ्या घोषणा दिल्या, पण इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. कर्णा गुणवंतीचाच राहिला. तिला जमणार नाही त्या दिवशी दुसरीने घ्यायचा, असं ठरलं.

आणि उजाडला १ मे १९६०! आपलं राज्य झालं! गुलाल, लेझीम, ढोल! नेमकी त्याच दिवशी गुणवंती खोलीत अंधार करून पडली होती. शेवंताच्या हातात मी बेभान झालो होतो. मिरवणूक चाळीच्या गल्लीत वळली, तशा रखमाबाई आडव्या आल्या.

"हितनं गप जावा. माझी पोर निजलीया."

कोंडीरामांनीच हात वर करून ढोल थांबवले. शेवंताने मला खाली घेतलं. गुलालाने माखलेली तीनशे माणसं चपला हातात घेऊन तिच्या खिडकीखालून गेली.

मित्रांनो, आता मी गंजलो आहे, माळ्यावर असतो. तुमची आई, ताई किंवा मावशी कपाळ धरून बसली, तर तिला नखरे म्हणू नका. कधी दुखतं, आणखी कुठे दुखतं, हे विचारा आणि तिला डॉक्टरकडे न्या. आणि तोवर घरात जरा हळू बोला. हे तुम्हाला एक कर्णा सांगतो आहे.