चुलीमागची साल

माझी बायको ग्लाफिरा सापडली असं कळलं तो बुधवार होता. लांबच्या दलदलीत ओंडक्याला टेकून बसली होती. टोपली क्रॅनबेरींनी भरलेली. वैद्य म्हणाला, "कालपर्यंत जिवंत असणार. थंडीनं गेली."

रविवारी सकाळी ती निघाली तेव्हा मी कुऱ्हाडीला दांडा बसवत होतो.

"म्हाताऱ्या, सूप चुलीवर आहे. झाकण नीट लाव, नाहीतर मांजर तुझ्या आधी जेवेल."

दांडा निसटला, बोट सोललं. मी तिच्यावरच ओरडलो, "लेशी घेऊन जावो तुला!"

"नेईना का! लांबच्या दलदलीवर राहतो म्हणे. तिकडंच जाते. तुझ्यापेक्षा गोड बोलत असेल."

रानाच्या या धन्याचं नाव आमच्याकडे दिवसातून दहादा निघतं. गाईवर, कुऱ्हाडीवर, जावयावर. पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणाऱ्याला कुणी असं म्हणत नाही. तो ऐकतो आणि नेतो.

ती रात्री आली नाही. सोमवारी गाव अंगणात जमलं. स्तेपानिदा मावशी भूर्जाची साल घेऊन आली. हरवलेलं माणूस परत मागायला लेशीला सालीवर अर्ज लिहितात, डाव्या हातानं, उलट्या अक्षरांत. ज्याच्या तोंडून शाप गेला, त्यानंच लिहायचा.

"फेरापोंत, खरं सांग. निघताना तिला कुणी काही बोललं?"

"नाही, मावशी."

"कुठं जाते म्हणाली?"

जागा सांगितली असती तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. कुंपणापाशी ग्लाफिराचा भाऊ येर्मोलाय उभा होता.

"काही म्हणाली नाही."

"मग अर्ज तरी कुणी लिहायचा," म्हणत मावशीनं घरात जाऊन साल चुलीमागे खोचली.

माणसं जवळच्या दलदलीत हाका मारत फिरली. मीही फिरलो. वाटत होतं, येईलच ती. मंगळवारी संध्याकाळी मी म्हणालो, "उद्या लांबच्या बाजूला बघू या का?" जणू आत्ताच सुचलं होतं.

तिच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवणही झालं. येर्मोलाय दर शनिवारी येऊन लाकडं फोडून देतो.

"जिवाला लावून घेऊ नका, दाजी. तुम्ही तरी काय करणार होता?"

मी त्याला चहा देतो. त्याची पाठ चुलीकडे असते.

साल तिथंच आहे. तिच्यावर मी एक अक्षर लिहिलेलं नाही. येर्मोलायलाही अजून सांगितलेलं नाही.